वऱ्हाडचा सारा आणि फौजेचा पगार

महागावाहून दक्षिणेस निघाले म्हणजे उमरखेड मागे पडल्यावर काही मैलांतच पैनगंगा आडवी येते. मोटार पुलावरून धडधडत निघून जाते, आणि वऱ्हाड केव्हा सरला व मराठवाडा केव्हा लागला हे प्रवाशास कळतही नाही. अलीकडे जी पऱ्हाटी आहे तीच पलीकडे आहे. जी तूर, जी ज्वारी, जी काळी माती इकडे, तीच तिकडे. लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या आहेत आणि सुना तिकडच्या इकडे आलेल्या आहेत. असे असूनही १८५३ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षे, ही नदी दोन राज्यांची शीव होती. अलीकडे इंग्रजी अंमल, तर पलीकडे निजामाचा. अलीकडे कलदार रुपया, तर पलीकडे हाली सिक्का. एकाच बापाच्या दोन मुली नदीच्या दोन काठांवर दिल्या असल्या, तर एकीच्या घरी एक कायदा आणि दुसरीच्या घरी दुसरा.

ही शीव येथेच का पडली, असा प्रश्न आम्ही एकदा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस विचारला. कोणी म्हणाले, लढाई झाली असेल. कोणी म्हणाले, नदी आहे म्हणून शीव पडली. दोन्ही उत्तरे चुकीची होती. वऱ्हाड इंग्रजांनी तलवारीने जिंकला नाही. एका फौजेचा पगार थकला होता, आणि त्या पगाराच्या फेडीसाठी आपला मुलूख तारणादाखल त्यांच्या ताब्यात गेला. सैन्याचा विचार आपण बहुधा रणांगणापुरताच करतो. म्हणून ही हकीकत जरा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

१८०० साली निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी जो तह केला त्यात असे ठरले होते की, युद्धप्रसंग आल्यास निजामाने आपले काही हजार स्वार व पायदळ कंपनीच्या मदतीस द्यावे. पुढे हैद्राबादेस रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेल याच्या कारकीर्दीत निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या राहिल्या. त्यांसच कालांतराने ‘हैद्राबाद कंटिन्जंट’ असे नाव पडले. ही फौज नावाने निजामाची, हुकमाने इंग्रजांची आणि खर्चाने पुन्हा निजामाची होती. तहात बोलणे होते ते युद्धकाळाचे. फौज मात्र शांततेच्या काळातही बारमाही पोसली जाऊ लागली. तिच्या इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार इतके भारी होते की, बिचारा निजाम सर्वांचे भरतो आहे, अशी थट्टा खुद्द त्यांच्यातच रूढ झाली होती.

या फौजेची ओळख आपल्या भागास फार लवकर झाली. उमरखेड व हदगाव या टापूत नोवसाजी नाईक या हटकर सरदाराचे वर्चस्व होते. त्याची गढी नदीपलीकडे नव्हा येथे होती. उमरखेडजवळ त्याची व कंटिन्जंटच्या सैन्याची लढाई झाली आणि १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन याने नव्ह्याच्या गढीस वेढा घालून ती हल्ला करून घेतली. गढीतील बहुतेक शिबंदी कापली गेली. नोवसाजीस पकडून हैद्राबादेस नेण्यात आले व तो तेथेच वारला. ज्या लोकांवर ही फौज चालून आली, त्यांच्याच शेतसाऱ्यातून पुढे तिचे पोट भरावयाचे होते, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नसेल.

फौज वाढली तसा खर्च वाढला. निजामाचा दिवाण चंदुलाल याने पामर आणि कंपनी या सावकारी पेढीकडून जबर व्याजाने रकमा उचलून पलटणींचे पगार भागविले. त्या पेढीचे प्रकरण इतके विकोपास गेले की रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यास त्यात हात घालावा लागला. पेढी बुडाली, कर्ज मात्र बुडाले नाही. पुढे पगार थकला म्हणजे कंपनी सरकार आपल्या खजिन्यातून तो देई आणि निजामाच्या नावे मांडून ठेवी. पाटलाच्या वहीत कुळाचे खाते जसे वर्षानुवर्षे फुगत जाते, तसेच हेही खाते फुगत गेले. शुभवर्तमानात शिपायांस आपल्या वेतनात तृप्त राहण्याचा उपदेश केलेला आहे. परंतु ते वेतन द्यावयाचे कोणी, हा प्रश्न तेथे आलेला नाही. येथे मात्र तोच मुख्य झाला.

१८५३ साली लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होता. शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर पडत नाही, हे त्याने स्वतःच्या टिपणात मान्य केले होते. मान्य केले, आणि तरीही मागणी सोडली नाही! कर्नल लो हा रेसिडेंट निजाम नासिरुद्दौला याच्यासमोर तहाचा मसुदा घेऊन उभा राहिला. आपल्या पूर्वजांचा मुलूख परक्याच्या हाती देणे हा राजास मोठा कलंक आहे, असे निजामाचे म्हणणे होते; परंतु मे महिन्यात त्याने सही केली. फौजेचा आकडा कमीत कमी ५,००० पायदळ, २,००० स्वार आणि चार तोफखाने असा ठरला. तिच्या खर्चासाठी सालीना सुमारे ५० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, धाराशीव आणि रायचूर दुआब, इंग्रजांच्या कारभारात गेला. सही झाली आणि थोड्याच दिवसांत दिवाण सिराज-उल-मुल्क वारला. त्याच्या जागी त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग आला. वऱ्हाड परत मिळविण्याची खटपट त्या माणसाने जवळजवळ जन्मभर केली, विलायतेपर्यंत जाऊन केली, आणि ती सिद्धीस गेली नाही.

१८५७ चे बंड झाले तेव्हा हैद्राबाद इंग्रजांच्या बाजूस राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने धाराशीव व रायचूर परत मिळाले आणि ५० लाखांचे कर्ज माफ झाले. कर्ज माफ झाले म्हणजे तारण सुटावे, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. पण वऱ्हाड सुटला नाही. फौजेचा चालू खर्च भागविण्यासाठी तो ठेवून घेण्यात आला. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस हवा होता. एवढे सांगितले म्हणजे ज्यास समजावयाचे त्यास समजेल.

राजकारण आणि फौज यांची गाठ कशी बसते ते येथे स्पष्ट दिसते. फौज राज्याच्या रक्षणासाठी असते असे आपण पुस्तकात वाचतो. येथे फौजेसाठी राज्याचा तुकडा निघाला. वऱ्हाडची पाहणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने झाली, शेतास नंबर पडले, आकार बसले. पुसद तालुक्यातील कुणबी पाटलापुढे रुपये मोजी, तेव्हा आपण कोणाचा पगार देत आहो याची त्यास कल्पना नव्हती. त्या पैशावर पोसलेले शिपाई बहुतेक त्याच्या गावचे नव्हते, जिल्ह्याचेही नव्हते. पलटणींत उत्तर हिंदुस्थानातील लोकांचा मोठा भरणा असे. आणि १८५८ साली सर ह्यू रोज झाशीवर व काल्पीवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्यात हैद्राबाद कंटिन्जंटच्या पलटणी होत्या. झाशीच्या राणीचा धडा आमचे विद्यार्थी मोठ्या आवेशाने म्हणून दाखवितात. तिच्यावर चाललेल्या फौजेच्या पगारासाठीच आपला मुलूख तारण पडला होता, हे त्या धड्यात नसते. यात त्या कुणब्याचा दोष कवडीचा नाही. पण हकीकत आहे ती अशी आहे.

१९०२ साली लॉर्ड कर्झन हैद्राबादेस आला. त्याची व निजाम महबूब अली खान याची वऱ्हाडविषयीची भेट एकांतात झाली. निजामाचे मंत्रीही जवळ नव्हते. त्या भेटीनंतर करार झाला की, वऱ्हाड इंग्रज सरकारास सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने द्यावा. लाखो लोकांच्या मुलखाचे भवितव्य दोन माणसांच्या बंद दाराआडच्या बोलण्यात ठरले, आणि ज्यांचे ठरले त्यांस कोणी विचारले नाही. पुढे निजामास जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हा चावट लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनास वऱ्हाड दिला’, असा लावला. विनोद कडू आहे, पण चुकीचा म्हणवत नाही.

याहून मौज पुढेच आहे. १९०३ साली कंटिन्जंट ही स्वतंत्र फौज म्हणून उरलीच नाही. तिच्या पलटणी हिंदी सैन्यात मिसळून टाकण्यात आल्या. ज्या फौजेच्या नावाने मुलूख घेतला ती फौज गेली आणि मुलूख राहिला. त्याच साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली आला. १९०५ साली जिल्ह्यांची नवी रचना होऊन वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका यवतमाळास जोडला गेला आणि वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव पडले. आज आपण सरकारी कागदावर आपला जिल्हा म्हणून जे नाव लिहितो त्याची वंशावळ अशी फौजेच्या पगारापर्यंत जाऊन पोहोचते. १९३६ च्या करारात निजामाचे वऱ्हाडवरील नाममात्र धनीपण पुन्हा मान्य झाले व त्याच्या वडील मुलास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. राज्य नसलेला हा युवराज होता.

त्या जुन्या पलटणींचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. हिंदी सैन्यात गेल्यावर त्यांतील एकीचे नाव ‘९६ वी बेरार इन्फन्ट्री’ असे होते. १९२२ साली या पलटणी हैद्राबाद रेजिमेंट या नावाखाली एकत्र आल्या आणि १९४५ साली त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. ही रेजिमेंट आपला उगम एलिचपूरचा, म्हणजे आपल्या अचलपूरचा, नबाब सलाबतखान याच्या फौजेपासून सांगते. १९४७ च्या ३ नोव्हेंबरला श्रीनगरच्या विमानतळाचा बचाव करीत असता बडगाम येथे मेजर सोमनाथ शर्मा धारातीर्थी पडले. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र त्यांस मिळाले. ते याच रेजिमेंटचे. नव्ह्याची गढी फोडणारी, झाशीवर चालून जाणारी आणि काश्मीर राखणारी फौज एकाच वंशातली निघावी, हे ऐकून काही वाचक दचकतील. पलटण हे हत्यार आहे. ते कोणाच्या हाती आहे, यावर सर्व अवलंबून असते.

आता पुन्हा पैनगंगेकडे येऊ. १५ ऑगस्ट १९४७ रोजी अलीकडच्या काठावर तिरंगा फडकला आणि पलीकडे निजामाची राजवट चालू राहिली. नोव्हेंबरात ‘जैसे थे’ करार झाला. पण कासीम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैद्राबादच्या मुक्तीचा लढा चालू होता. सरहद्दीच्या अलीकडे ठिकठिकाणी कार्यकर्त्यांनी तळ टाकले होते, आणि पलीकडची माणसे घरेदारे सोडून नदी उतरून येत होती. याच काळात सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी गुपचूप उड्डाणे करून निजामास शस्त्रे पुरवीत होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य चहूकडून हैद्राबादेत शिरले. १७ तारखेस निजामाने हार मानली व दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीने मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. या मोहिमेत रणगाडे होते, तोफा होत्या, विमाने होती. आणि तिचे नाव ठेवण्यात आले ‘पोलीस कारवाई’! सैन्याने केलेल्या कामास पोलिसांचे नाव का द्यावे, असे विद्यार्थी विचारतात. हैद्राबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे नेली होती. दोन राष्ट्रांतील युद्ध म्हटले तर जगास त्यात बोलण्याचा अधिकार येतो. घरातील बंदोबस्त म्हटला तर येत नाही. शब्दाची निवडही राजकारणच असते. चौधरी हे पुढे वर्षाहून अधिक काळ हैद्राबादचे लष्करी गव्हर्नर होते, आणि मग कारभार मुलकी अधिकाऱ्यांच्या हाती गेला. फौजेच्या हाती आलेली सत्ता फौजेने मुकाट्याने सोडून दिली. आपल्या शेजारच्या काही देशांचा इतिहास पाहिला म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. आपल्याकडील शिपायास व अधिकाऱ्यास राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. घटनेच्या ३३ व्या कलमान्वये संसदेने त्यांच्या काही मूलभूत हक्कांस मर्यादा घातल्या आहेत. मत मात्र देता येते, आणि तेही आपल्या गावच्या मतदारसंघात, टपालाने.

१९४८ च्या त्या हकीकतीस एक काळी बाजू आहे. ती लपविणे आमच्या बुद्धीस पटत नाही. रझाकारांचा पाडाव झाल्यावर सूडाची लाट उसळली आणि ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी पुष्कळ मुसलमान माणसे तीत मारली गेली. चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ पाठविण्यात आले. त्याच्या अहवालात धाराशीव, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागल्याचे नमूद आहे. नांदेड म्हणजे नदीपलीकडचा आपला शेजारी जिल्हा. मृतांचा अंदाज कित्येक हजारांचा होता. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सुमारे पासष्ट वर्षांनी, २०१३ साली, तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात लोकांस पाहावयास मिळू लागला. तोपर्यंत ज्यांनी भोगले त्यांतील बहुतेक जण कालवश झाले होते.

लष्करी गुप्ततेचा प्रश्न म्हणूनच अवघड आहे. पलटण कोठे आहे, दारूगोळा किती आहे, हे शत्रूस कळू नये, हे कोणीही मान्य करील. त्यासाठी १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा आजही अंमलात आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकारातही देशाच्या सुरक्षिततेची माहिती वगळलेली आहे. परंतु शत्रूपासून झाकून ठेवावयाची गोष्ट कोणती आणि आपल्याच माणसांपासून झाकली जाणारी कोणती, यांतील रेषा पैनगंगेसारखी ठळक नसते.

याचे जवळचे उदाहरण पुलगावचे आहे. वर्धा जिल्ह्यातील या गावी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचे मध्यवर्ती भांडार स्थापन झाले. सुमारे ७,००० एकरांचे हे आवार देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक आहे. वाचकांपैकी कित्येकांनी आगगाडीतून जाताना पुलगावचे स्टेशन पाहिले असेल. भांडार कोणी पाहिले नसेल, आणि पाहू नये अशीच त्याची योजना आहे. अशा ठिकाणांच्या भोवती घरे बांधण्यास १९०३ च्या संरक्षण बांधकामांच्या कायद्यान्वये बंदी घालता येते. सातबारा शेतकऱ्याच्या नावाचा, पण त्यावर घर बांधावे की नाही हे दुसरेच कोणी ठरविणार. जागेवर फौजेचा हात असा अदृश्यपणे पडतो. जुन्या काळी तो उघड पडे. नागपूरजवळचे कामठी १८२१ साली छावणी म्हणूनच वसले, एलिचपूरच्या छावणीभोवती परतवाडा वाढला आणि आपल्या शेजारच्या हिंगोलीस कंटिन्जंटची छावणी होती. छावणी आली की सदर बाजार येतो, शिंपी येतो, दूधवाला येतो, पाद्री व मौलवीही येतात. छावणी उठली की बाजार ओस पडतो. हिंगोलीने दोन्ही अनुभवले.

३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारास आग लागली. स्फोटांच्या आवाजाने आगरगाव, नागझरी इत्यादी गावांतील लोक मुलाबाळांस घेऊन अंधारात रस्त्यास लागले. आग विझविताना दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक जवान व अग्निशामक मृत्यू पावले. सदोष सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत होते, असे पुढे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घराच्या तावदानांस त्या रात्री तडे गेले त्यांस ही माहिती सर्वांच्या शेवटी मिळाली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच सोनेगाव येथे जुना दारूगोळा नष्ट करीत असता स्फोट होऊन सहा माणसे मेली. त्यांत आसपासच्या खेड्यांतून मजुरीस आलेली माणसे होती. शेतात काम नसते तेव्हा असले ओझे उचलण्यास माणूस तयार होतो. ते काय आहे हे त्यास ठाऊक नसते असे नाही. घरी चूल पेटावयाची असते.

येथून आम्ही घराकडे वळतो. सैन्याचा घराशी असलेला संबंध आजपर्यंतच्या हकीकतीत आलाच आहे, पण तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो शिपायाच्या स्वतःच्या घरात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. हे महू गाव म्हणजे लष्करी छावणी होय. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेत सुभेदार असून लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आजोबा मालोजी हेही शिपाई. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलांस, मुलींससुद्धा, शिक्षण सक्तीचे होते. ज्या काळी गावच्या शाळेच्या पायरीवर ज्यांस बसू देत नसत, त्या काळी त्यांच्याच घरांत फौजेमुळे पाटी-पेन्सिल आली. आणि १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतील भरती बंद केली, तेव्हा नुसती नोकरीच गेली नाही, ते दारही बंद झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने त्या बंदीविरुद्ध अर्ज करण्यात सुभेदार रामजी यांचा पुढाकार होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपले, गरज सरली, आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. पुन्हा १९४१ साली, पुन्हा महायुद्धातच, बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या वेळी संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या त्या सुभेदाराच्या मुलाने त्यासाठी आग्रह धरला होता. विदर्भातील अनेक घरांच्या भिंतीवर आज गणवेशातील जे फोटो लावलेले दिसतात, त्यांतील कित्येकांचा आरंभ येथून आहे.

शिपाई घरापासून दूर असतो. घराशी त्याची गाठ पत्राची. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी अधिकारी फोडून वाचीत, आणि शिपायांसही ते ठाऊक असे. मग ते संकेताने लिहीत. हिंदी शिपायांस ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या शिपायांस ‘लाल मिरची’ म्हणत, आणि काळी मिरी संपत आली असे घरी कळवीत. वाचणाऱ्या अधिकाऱ्यांस हा संकेत उमगला, म्हणूनच तो आज आपल्यास माहीत आहे. तिकडे मेसोपोटेमियात कुत येथे मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या. १९१६ च्या एप्रिलअखेर कुत पडले आणि हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. कोकणात व देशावर किती घरांत त्यानंतर वर्षानुवर्षे पत्र आले नाही! कुंकू लावावे की पुसावे, हेही जिला कळत नव्हते, अशा बाईच्या स्थितीची कल्पना करून पाहावी.

आजही शिपायाच्या पत्रावर गावाचे नाव नसते. नाव, क्रमांक, पलटण आणि ‘द्वारा ५६ ए. पी. ओ.’ किंवा ‘९९ ए. पी. ओ.’ एवढाच पत्ता. मुलगा नेमका कोणत्या ठिकाणी आहे, हे पत्त्यावरून आईस कळत नाही, आणि कळू नये हाच त्या क्रमांकाचा हेतू आहे. सरहद्दीवर काही गडबड झाल्याची बातमी रेडिओवर वा मोबाइलवर आली की त्या गावातील शिपायाचे घर सर्वांआधी गप्प होते. राष्ट्राचे गुपित एखाद्या म्हातारीच्या छातीवर असे रात्रभर बसून असते.

१४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाल्यापासून शिपाईभरतीची रीत बदलली आहे. साडेसतरा ते एकवीस वर्षे वयाच्या मुलांची चार वर्षांसाठी भरती होते. चार वर्षांनंतर शंभरांपैकी पंचवीसपर्यंत कायम होतात. उरलेल्यांस सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांची एकरकमी पुंजी मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. सैन्य तरुण राहावे व निवृत्तिवेतनाचा बोजा घटावा, हा सरकारचा विचार. चार वर्षांत शिपाई घडतो का आणि घडला तर परत येऊन काय करील, हा विरोधकांचा प्रश्न. वाचकांनी लक्षात घ्यावे की, प्रश्न तोच आहे जो १८५३ साली होता: फौज किती ठेवावी आणि तिचा पगार कोणी, किती दिवस द्यावा? फरक इतकाच, आणि हा फरक लहान नाही, की आज हा प्रश्न संसदेत विचारता येतो, वर्तमानपत्रात छापता येतो, आणि येथे या पानावर आम्हांसही मांडता येतो. नासिरुद्दौलाच्या रयतेस ती सोय नव्हती.

मुलींविषयी एक ओळ लिहिल्यावाचून राहवत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील स्त्री अधिकाऱ्यांस कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींस प्रवेश मिळू लागला. आमच्या शाळेतील काही विद्यार्थिनींनी याविषयी चौकशी केली. त्यांच्या वडिलांनी मात्र अद्याप केलेली नाही. त्यांच्यासाठीच ही ओळ.

आणि जे पालक पहाटे उठतात त्यांनी पाहिलेच असेल: थंडीच्या दिवसांत, अजून तांबडे फुटावयाचे असते, तेव्हा नागपूर-तुळजापूर रस्त्याच्या कडेने मुले धावत असतात. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर ठराविक वेळेत धावावे लागते. म्हणून कोणी अनवाणी, कोणी फाटक्या बुटांनी, कोणी मोबाइलवर वेळ लावून धावतो. बहुतेक शेतकऱ्यांची वा शेतमजुरांची मुले. कापसाचा भाव पडला म्हणजे धावणाऱ्यांची संख्या वाढते, असे आमचे निरीक्षण आहे. उमरखेडकडून येणारे मालमोटारींचे दिवे त्यांच्या अंगावर पडतात, तेवढ्यापुरती ती दिसतात आणि पुन्हा अंधारात जातात. शाळेची घंटा होते तेव्हा त्यांतील दोघे-तिघे घामेजलेल्या अंगाने वर्गात येऊन मागच्या बाकावर बसतात, आणि इतिहासाच्या तासास हमखास डुलक्या घेतात. आम्ही त्यांस सहसा उठवीत नाही.